जगदीशचंद्र बोस : शेतातल्या सेन्सरच्या अँटेनामागचा माणूस



तुमच्या महसूल मंडळातले स्वयंचलित हवामान केंद्र तुम्ही पाहिले असेल. तारेचे कुंपण, मधोमध खांब, पर्जन्यमापक, वाऱ्यावर फिरणाऱ्या वाट्या आणि छोटे सौर पॅनेल. पेटीच्या एका कडेला बोटभर लांबीची काळी दांडी असते. तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. ती दांडी म्हणजे अँटेना. पाऊस कितीही अचूक मोजला, तरी ती दांडी बिघडली की नोंद पेटीतच अडकते. महावेध प्रकल्पात राज्यात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी राहिली. हवामान आधारित फळपीक विम्यात या नोंदींचा आधार घेतला जातो. म्हणून अर्धापूरच्या केळी बागायतदारासाठी ती दांडी छोटी असली तरी क्षुल्लक नाही.

एरवी आपण इथे सोयाबीन, तूर, हळद आणि उसाविषयी बोलतो. आज एका शास्त्रज्ञाचे चरित्र पाहू. नाव तुमच्या ओळखीचे आहे : सर जगदीशचंद्र बोस. वनस्पतींनाही संवेदना असते असे दाखवणारे शास्त्रज्ञ म्हणून शाळेत आपण त्यांच्याविषयी शिकलो. झाडांकडे वळण्याआधी मात्र त्यांनी पाच-सहा वर्षे विद्युत लहरींवर काम केले. आटोपशीर आणि कामाला टिकणारा अँटेना कसा बनवायचा, याचे काही पहिले धडे त्या कामात आहेत. त्यातले बरेचसे आजही तुमच्या बांधावर लागू पडतात.

डेप्युटी मॅजिस्ट्रेटचा मुलगा, बंगाली शाळेत

जगदीशचंद्रांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजी आजच्या बांगलादेशातील मैमनसिंग येथे झाला. वडील भगवानचंद्र फरीदपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. त्या काळी अशा घरातली मुले इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी गावच्या बंगाली शाळेत घातले. आपली भाषा आणि आपली माणसे मुलाला आधी कळावीत, असे त्यांचे मत होते. वर्गात जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे, दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. पक्षी, प्राणी आणि पाण्यातल्या जीवांच्या गोष्टी त्याला या सवंगड्यांकडून ऐकायला मिळाल्या.

लोकांना रोजगार मिळावा म्हणून वडिलांनी अनेक उद्योग काढले. कारागिरी शिकवणारी शाळा काढली, चहाच्या मळ्यात पैसे घातले. बरेचसे उद्योग तोट्यात गेले आणि घरावर कर्ज झाले. कर्जाचे ओझे घेऊन शिकणारा मुलगा कसा असतो, हे मराठवाड्यातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफाँ यांनी त्यांना प्रयोग करून भौतिकशास्त्र शिकवले. 1880 मध्ये ते इंग्लंडला गेले. सुरुवात वैद्यकीय शिक्षणाने झाली, पण वारंवार येणाऱ्या तापामुळे ते सोडावे लागले. मग केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञान शिकले. तिथे लॉर्ड रॅली त्यांचे शिक्षक होते. केंब्रिज आणि लंडन विद्यापीठाच्या पदव्या घेऊन 1885 मध्ये ते परतले.

तीन वर्षे बिनपगारी

कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांना नोकरी मिळाली, पण पगारात भेदभाव होता. भारतीय प्राध्यापकाला युरोपियनाच्या दोन तृतीयांश पगार मिळे. नेमणूक तात्पुरती असल्याने बोस यांच्या वाट्याला त्याच्याही निम्मा येत होता. त्यांनी तो पगार घेण्यास नकार दिला, शिकवणे मात्र थांबवले नाही. तीन वर्षे ते बिनपगारी शिकवत राहिले. 1887 मध्ये त्यांचा विवाह अबला दास यांच्याशी झाला. नव्या संसाराची ओढाताण या दोघांनी मिळून सोसली. शेवटी सरकारने पूर्ण पगार मान्य करून मागची थकबाकीही दिली. ती रक्कम वडिलांचे कर्ज फेडण्याच्या कामी आली.

कॉलेजात प्रयोगशाळा म्हणावी असे काही नव्हते. एका छोट्याशा खोलीत, स्वतःच्या पैशांनी आणि पत्र्याचे काम करणाऱ्या एका स्थानिक कारागिराच्या मदतीने त्यांनी उपकरणे बनवायला घेतली. 1894 मध्ये छत्तिसाव्या वाढदिवशी त्यांनी पुढचे आयुष्य संशोधनाला द्यायचे ठरवले.

लहर लहान, तर साधन लहान

त्याआधी काही वर्षे जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ यांनी ठिणगीतून विद्युत लहरी निर्माण होतात हे सिद्ध केले होते. प्रकाशही अशीच लहर आहे, फक्त फार आखूड. या नव्या लहरी प्रकाशासारख्याच वागतात का, हे बोस यांना तपासायचे होते. त्यासाठी आरसा, भिंग आणि लोलक हवेत. पण अशी साधने लहरीच्या लांबीपेक्षा मोठी असावी लागतात. लहर मीटरभर लांब असेल, तर भिंग खोलीत मावणार नाही.

बोस यांनी खोली मोठी करण्याऐवजी लहर आखूड केली. अडीच सेंटीमीटरपासून ते पाच मिलिमीटरपर्यंत ते खाली आले. पाच मिलिमीटर म्हणजे आजच्या भाषेत 60 गिगाहर्ट्झ. नव्या मोबाईल आणि रडार तंत्रात हल्ली ज्या मिलिमीटर लहरींची चर्चा असते, त्या लहरींवर हा माणूस 1890 च्या दशकात काम करत होता.

इथे एक सोपा हिशोब लक्षात ठेवा. 300 ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. साध्या दांडीचा अँटेना या लांबीच्या साधारण पाव भाग लागतो. एफएम रेडिओ सुमारे 100 मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे लहर तीन मीटरची आणि दांडी पाऊण मीटरची. जुन्या रेडिओची ओढून लांब करायची दांडी आठवा. आकाशवाणीच्या मध्यम लहरी शेकडो मीटरच्या, म्हणून त्यांना उंच मनोरा लागतो. शेतातले बरेचसे बिनतारी सेन्सर आपल्या देशात 865 ते 868 मेगाहर्ट्झ या विनापरवाना पट्ट्यात चालतात. तिथे लहर सुमारे 35 सेंटीमीटर आणि दांडी जेमतेम नऊ सेंटीमीटर. हवामान केंद्रावरची दांडी बोटभर का असते, ते या हिशोबातून कळते.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ती आकाशातून येणाऱ्या मीटर लांबीच्या लहरी ऐकते. म्हणून तिथे 45 मीटर व्यासाच्या 30 प्रचंड तबकड्या आहेत. लहर लांब असल्याने तबकडी अखंड पत्र्याची असण्याची गरज नसते. बारीक तारेची जाळी पुरते आणि वारा तिच्यातून निघून जातो. अँटेना लहान असो की अवाढव्य, आधी लहर ठरते, मग आकार, आणि त्यानंतर वारा-पाण्यापासून बचाव.

पत्र्याचा भोंगा, गंधक आणि गोणपाटाचा ताग

बोस यांनी ठिणगीचे यंत्र आणि बॅटरी दुहेरी भिंतीच्या धातूच्या पेटीत बंद केली. लहर फक्त पेटीला जोडलेल्या नळीतून बाहेर पडावी आणि इतरत्र गळू नये, हा हेतू होता. लहर नळीतून नेण्याच्या या पद्धतीवर पुढे मोठे शास्त्र उभे राहिले. ठिणग्यांनी धातूचा गोळा खरवडतो आणि सारखा घासून चकचकीत करावा लागतो. बोस यांनी गोळ्यावर प्लॅटिनम चढवून तो त्रास कमी केला.

लहर पकडण्याच्या बाजूला त्यांनी पत्र्याचे नरसाळे बसवले. रुंद तोंडाने लहर गोळा करायची आणि अरुंद टोकाने आतल्या संवेदकाकडे पोचवायची. यालाच आज हॉर्न अँटेना, आपल्या भाषेत भोंगा अँटेना म्हणतात. त्या काळी संवेदक म्हणून काचनळीत धातूचा कीस वापरत. तो लहरी स्वभावाचा होता, कधी चाले, कधी नाही. बोस यांनी किसाऐवजी शेजारी-शेजारी बारीक स्प्रिंगा बसवल्या आणि त्यांच्यावरचा दाब स्क्रूने कमी-जास्त करता येईल अशी सोय केली.

बाकीचे साहित्य तर घरातले वाटावे असे होते. गंधकाचा लोलक केला. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या जाड पुस्तकात पानाआड कथलाचा पातळ पत्रा घालून लहरीची दिशा गाळणारी जाळी केली. तागाच्या धाग्यांना पीळ देऊन, पीळदार रचनेतून जाताना लहर कशी वळते हे दाखवले. इथे ताग म्हणजे गोणपाटाचा, आपण हिरवळीच्या खतासाठी पेरतो तो नव्हे. सगळे साहित्य पेट्यांत भरून नेता येईल इतके आटोपशीर होते.

1895 च्या सुमारास कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. लहर भिंतींतून आणि समोर बसलेल्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या अंगातून पार जाऊन पलीकडची घंटा वाजली आणि बारूद पेटली. पुढच्याच वर्षी लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. 29 जानेवारी 1897 रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हीच उपकरणे मांडून व्याख्यान दिले.

पेटंटकडे पाठ

त्याच सुमारास इटलीचे मार्कोनी बिनतारी संदेशाच्या धंद्यात उतरले होते. लांब पल्ल्यासाठी त्यांना लांब लहरी सोयीच्या होत्या. बोस यांच्या लहरी आखूड होत्या आणि त्यांचा हेतूही वेगळा होता. त्यांनी आपली उपकरणे आतून कशी आहेत हे उघडपणे दाखवले. ज्ञानावर मालकी सांगायला त्यांची तयारी नव्हती. मित्रांच्या, विशेषतः सारा बुल या अमेरिकन हितचिंतक बाईंच्या आग्रहामुळे गॅलेना खनिजाच्या संवेदकाचे एक अमेरिकन पेटंट त्यांच्या नावे 1904 मध्ये मंजूर झाले. त्यातून पैसा काढायचा मात्र त्यांनी कधी प्रयत्न केला नाही आणि ते तसेच संपू दिले.

शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर या निर्णयाला दोन बाजू आहेत. भोंगा आणि नळी कुणाच्या मालकीची नसल्याने पुढे कुणालाही वापरता आली. दुसरीकडे, ज्याने बी तयार केले त्याच्या पदरात पीक पडले नाही आणि कित्येक वर्षे श्रेयही नाही. मिलिमीटर लहरींचे काम दुसऱ्या महायुद्धाच्या रडारनंतर जगाने पुन्हा हाती घेतले, तेव्हा कुठे बोस यांच्या जुन्या लेखांकडे अभियंत्यांचे लक्ष गेले.

झाडांकडे

संवेदकावर सतत लहरी आदळल्या की तो थकल्यासारखा होतो आणि विश्रांती दिली की पुन्हा चालतो, हे बोस यांना दिसले. प्राण्यांच्या स्नायूंचेही असेच असते. मग वनस्पतींचे काय? या प्रश्नाने ते लाजाळूकडे आणि तिथून बाकीच्या झाडांकडे वळले. ताकदवान संवेदक बनवण्याचा हात तोच होता, मोजायची वस्तू तेवढी बदलली.

1901 मध्ये लंडनच्या शरीरशास्त्रज्ञांनी त्यांच्या कामाला विरोध केला. भौतिकशास्त्राच्या माणसाने आमच्या शेतात पाय घालू नये, असाच त्याचा सूर होता. बोस यांनी वाद घालत बसण्याऐवजी पुस्तके लिहिली आणि अधिक बारीक मोजणारी यंत्रे बनवली. क्रेस्कोग्राफ हे त्यातले प्रसिद्ध यंत्र. रोपाची वाढ ते दहा हजार पटींनी मोठी करून दाखवी. खत, उष्णता, विष किंवा स्पर्श यांचा वाढीवर होणारा परिणाम काही मिनिटांत दिसे.

1917 मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूटची स्थापना केली. 1920 मध्ये लंडनमध्ये पुन्हा शंका निघाली की क्रेस्कोग्राफ खरोखर वाढ दाखवतो की नुसता तापमानाचा फरक. बोस यांनी यंत्र तज्ज्ञांच्या समितीसमोर चालवून दाखवले. यंत्र वाढच मोजते, असा निर्वाळा त्या तज्ज्ञांनी दिला. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्यांचे पहिले मोठे चरित्रही 1920 मध्येच आले. ते लिहिणारे पॅट्रिक गेडिस तेव्हा मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.

त्यांचा प्रत्येक निष्कर्ष टिकला असे नाही. खोडातल्या पेशी हृदयासारख्या ठोके देऊन रस वर चढवतात, हे त्यांचे मत पुढे मान्य झाले नाही. पाने पाणी बाहेर टाकतात आणि त्या ओढीने रस चढतो, असे आज आपण शिकवतो. पण झाडात विद्युत संदेश धावतात हे पुढच्या संशोधनानेही दाखवले. ज्यांचा अर्थ चुकला, त्या प्रयोगांतल्याही नोंदी काळजीपूर्वक घेतलेल्या होत्या. 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

नांदेड-लातूरच्या शिवारात

आता आपल्याकडे येऊ. गोदावरी, मांजरा किंवा मन्याड यांसारख्या नदीच्या पुराची पातळी दुरून मोजायची झाली, तर पाण्याला न शिवणारे रडार पातळीमापक वापरता येते. पुलाच्या कठड्याला एक छोटा भोंगा किंवा भिंग पाण्याकडे तोंड करून बसवतात. लहर खाली जाते, पाण्यावरून परत येते आणि लागलेल्या वेळेवरून अंतर निघते. गाळ, लाकूड किंवा वाहून आलेले झुडूप त्याला धडकत नाही. हा भोंगा म्हणजे बोस यांच्या नरसाळ्याचाच पुढचा अवतार आहे. 80 गिगाहर्ट्झला लहर पावणेचार मिलिमीटरची असते, त्यामुळे चार सेंटीमीटर तोंडाचा भोंगाही लहरीचा झोत अरुंद ठेवतो. दहा मीटर खाली पाण्यावर तो झोत साधारण मीटरभर जागेतच पडतो. 26 गिगाहर्ट्झला तेवढ्याच अरुंद झोतासाठी भोंगा तिपटीने रुंद लागेल. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला धरणातली पातळी वेळेवर कळण्याचे मोल सांगायला नको.

दुसरे उदाहरण विजेचे. आकाशातली वीज म्हणजे प्रचंड ठिणगी, आणि ठिणगी म्हणजे विद्युत लहर. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे संवेदक त्या लहरी दुरून पकडतात आणि वेगवेगळ्या ठिकाणी पोचायला लागलेल्या वेळेवरून वीज कुठे पडली ते काढतात. त्यावरच दामिनी हे मोबाईल ॲप चालते. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात रानात असाल, तर ते जरूर पाहा.

तिसरे उदाहरण जमिनीतल्या ओलाव्याचे. गंधक आणि काच यांतून लहर किती वळते हे बोस यांनी मोजले होते. ओलावा सेन्सर पदार्थाचा असाच विद्युत गुण मोजतो. कोरड्या मातीत हा आकडा साधारण तीन ते पाच असतो, पाण्यात सुमारे ऐंशी. त्यामुळे थोडे पाणी वाढले तरी फरक चटकन कळतो. पण आपल्या भारी काळ्या जमिनीला उन्हात भेगा पडतात. सेन्सरच्या दांडीभोवती भेग पडली की तो हवा मोजू लागतो आणि जमीन आहे त्यापेक्षा कोरडी दाखवतो. त्याच जागेची माती वजन करून, 105 अंश सेल्सिअसला 24 तास भट्टीत वाळवून पुन्हा वजन करा आणि सेन्सरचा आकडा पडताळा. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत याची चौकशी करता येईल.

अँटेना टिकवायचा कसा

- उंची : पाण्याने भरलेली पाने लहर शोषतात आणि विखुरतात. जूनमध्ये उघड्या रानात लावलेला सेन्सर ऊस दहा-बारा फूट झाला की बंद पडल्यासारखा वाटतो. यंत्र ठीक असते, अँटेना पिकात बुडालेला असतो. पीक पूर्ण वाढल्यावर जी उंची असेल, तिच्या वर अँटेना ठेवा.
- दिशा : बोस यांच्या जाळीने एका दिशेची लहर जाऊ दिली आणि आडवी अडवली. अँटेनाचेही तसेच. पाठवणारा उभा आणि घेणारा आडवा असेल तर सिग्नल फार कमी होतो. माकड, पक्षी किंवा वाऱ्याने दांडी कलली असेल तर ती सरळ उभी करा.
- धातू : अँटेना लोखंडी खांबाला चिकटून, पत्र्याच्या शेडखाली किंवा तारेच्या जाळीमागे नको. खांबाला चंदेरी रंग देताना अँटेनावर हात फिरवू नका. त्या रंगात ॲल्युमिनियमची भुकटी असते आणि ती लहर अडवू शकते.
- पाणी : बहुतेक बिघाड अँटेनात नसतो, त्याच्या जोडात असतो. जोडावर पाणी न शिरणारी रबरी पट्टी गुंडाळा. वायर पेटीत शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोळावरून गळून पडेल.
- कीटक : भोंग्याच्या तोंडावर प्लॅस्टिकचे झाकण असावे. कुंभारीण माशीने आत मातीचे घर केले की पातळीचे आकडे भरकटतात.
- वीज : खांबाला अर्थिंग आणि वायरला वीज रोधक हवा. ढग गडगडत असताना खांबाला हात लावू नका.

पुढचा आणि महत्त्वाचा भाग पडताळणीचा. लंडनमध्ये शंका निघाली, तेव्हा बोस यांनी आपले यंत्र तज्ज्ञांसमोर तपासायला दिले. तुमच्या मंडळातल्या केंद्राबाबत शंका असेल तर तुम्हीही तसेच करू शकता. मोकळ्या जागेत, झाड आणि भिंतीपासून दूर साधा पर्जन्यमापक लावा. रोज सकाळी साडेआठला वाचून वहीत लिहा आणि केंद्राच्या आकड्याशी ताडून पाहा. दोन ठिकाणच्या पावसात थोडा फरक असणारच, मराठवाड्यात तर एका शिवारात पडतो आणि शेजारचे कोरडे राहते. पण पाऊस पडत असताना केंद्राचा आकडा शून्यच राहिला किंवा कित्येक तास बदलला नाही, तर तारीख, वेळ आणि केंद्राचा फोटो घेऊन लगेच सहायक कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. विम्याचा हिशोब झाल्यावर केलेल्या तक्रारीपेक्षा त्या दिवशीची वहीतली नोंद अधिक कामाला येते.

विस्तार कार्यकर्त्यांना एक विनंती. खरीप सुरू होण्याआधीच्या फेरीत केंद्राच्या कुंपणातले गवत आणि पर्जन्यमापकातली पाने तुम्ही पाहताच. त्याच वेळी ती बोटभर दांडी सरळ आहे का, जोडात पाणी शिरले आहे का आणि शेजारचे झाड तिच्यावर वाढले आहे का, एवढेही पाहून घ्या.